भुरकीची मांडी

उमापूर, ता. गेवराई
२१ जानेवारी २०२५

चि. शिवकन्या,

आबाचे आणि आईचे अनेक आशीर्वाद. इकडं सगळे बरे आहेत. आईचा गुडघा थंडीनं धरतो, पण मेंढवाड्यावर तिच्याशिवाय कुणाचं चालत नाही. या महिन्यात अकरा कोकरं झाली. तू असतीस तर एकेकाचं नाव ठेवून मोकळी झाली असतीस.

फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. सातवीनंतर पेन फक्त सहीपुरता धरला, तेव्हा अक्षराला हसू नकोस. हसलीस तर बरंच आहे म्हणा. आई सांगत होती, कॉलेजच्या सरांनी तुला ऑपरेशनच्या खोलीतून काढलं, आणि आता तू जनावरांची सर्जरी शिकणारच नाही म्हणतेस. ते ऐकल्यापासून भाकर गोड लागत नाही.

भुरकीला बोरीखाली पुरलं. बाकीची कुत्री दोन दिवस तिथून हलली नाहीत. शेवगाव रोडवर कांद्याच्या पिकअपनं तिला उडवलं, तेव्हासुद्धा ती मागं राहिलेल्या कोकराला हाकत होती. असं कुत्रं पुन्हा मिळायचं नाही.

लोक विचारतात, आसाराम, तू एवढा हाडं बसवणारा, आणि तुझंच कुत्रं कसं गेलं? मी सांगतो, मेंढ्या विणायला आल्या होत्या, कळप टाकून दवाखान्यात जाता आलं नाही. तुझ्या आईलाही तेच सांगितलं. ते खरं नाही. आई एकटी कळप सांभाळते, हे तुला चांगलं ठाऊक आहे.

झालं ते असं. भुरकीला उचलून वाड्यावर आणलं. मागचा पाय लोंबत होता, मांडी सुजली होती. हात लावल्याबरोबर आत करकर वाजलं. मेंढीची नडगी मोडली तर बांबूच्या चार कामट्या लावून चिंधीनं आवळलं की वीस-पंचवीस दिवसांत ती चालायला लागते. असे किती पाय मी बांधले, आणि कोकरू धरायला तूच बसायचीस. मांडी मात्र कधी बांधली नव्हती. तिथं मांस फार, आणि वर खुब्यापाशी कामटीला धरायला जागाच नाही. हे मला कळत होतं. पण माणसं जमली होती. अजिनाथ म्हणाला, "आसारामदादा हाय म्हणल्यावर दवाखान्यात कशापायी जायचं?" मी फुगलो. बांधली.

शेवटची गाठ मारतोय तोच, आईनं कळवलं म्हणून, तुझा फोन आला. "आबा, नडगी का मांडी? मांडी असंल तर काईच बांधू नका, तसंच उचलून आना. त्यात सळई घालावी लागती." सगळे ऐकत होते. बांधलेलं सोडायचं म्हणजे सगळ्यांसमोर हात टेकायचे. मी म्हणालो, "नडगी हाय गं. तू काळजी करू नको."

चौथ्या दिवशी तू पुन्हा विचारलंस. आठव्या दिवशी पुन्हा. मी नडगीच म्हणालो. तोवर कामटीच्या वरच्या टोकानं कातडं फाटलं होतं. भुरकी माझा हात चाटायची आणि मी तिच्या डोळ्यात बघायचं टाळायचो. वास यायला लागला, तेव्हा कुठं तिला घेऊन तुझ्या कॉलेजच्या दवाखान्यात आलो.

सरांनी फोटो दाखवला. हाडाची दोन टोकं एकमेकांवर दोन बोटं चढलेली, आणि माझी कामटी बरोबर जिथं मोडलं तिथंच संपलेली. कुत्रं हललं की ती पहारीसारखी हाड उचकटत होती, असं सर म्हणाले. पहिल्या दोन दिवसांत आणलं असतं, तर सळई नाहीतर स्टीलची पट्टी घालून बहुतेक चारी पायांवर घरी आलं असतं. आता पू हाडात उतरलाय, पायच काढावा लागेल. पाय काढला. तरी ती तिसऱ्या दिवशी गेली.

पण डोळे मिटले की मला दिसतं ते वेगळंच. सर तापले होते. "घरचं कुत्रं, आणि मांडी मोडली का नडगी, एवढंही फोनवर विचारता आलं नाही तुला?" तू खाली बघत म्हणालीस, "नाही विचारलं, सर. माझीच चूक आहे."

तीनदा विचारलं होतंस गं. आणि मी तिथंच, टोपी हातात घेऊन दाराला टेकलो होतो. एक शब्द बोललो नाही. बापाची अब्रू राखायला तू स्वतःची घालवलीस, आणि मी घालवू दिली. भुरकीचं दुःख मोठं आहे. पण या गोष्टीची मला जास्त लाज वाटते.

काल रात्री सोमनाथचं कुत्रं घराच्या माळवदावरून पडलं. तो त्याला घेऊन माझ्याकडंच आला. हात फिरवला. मांडी. माणसं पुन्हा जमली होती. मी सगळ्यांदेखत सांगितलं, "मांडी हाय. मला येत न्हाई. भुरकी माझ्यामुळं मेली." अजिनाथनंच फळी आणून दिली. तिच्यावर कुत्र्याला निजवून, काही न बांधता, सोमनाथच्या जीपमध्ये ठेवलंय. उजाडलं की निघतोच आहोत.

हा कागद सोमनाथ तुला आत आणून देईल. तू वाचत असशील तेव्हा मी फाटकापाशी बसलेला असेन. सरांना सगळं मला स्वतः सांगायचंय. तू आडवी येऊ नकोस. या वेळी मला वाचवू नकोस. माफ कर म्हणायला तोंड नाही. माझ्यावर रागव, हवं तर बोलू नकोस. पण या कुत्र्याकडं पाठ फिरवू नकोस.

तुझा,
पहिल्याच दिवशी सगळं ठाऊक असलेला
आबा