ओसरीवरचं बोलावणं

मामंजी, तुमच्या पणतूने आज चहा पिता पिता मोबाइलवर सरकारी कामाचं टेंडर शोधून काढलं. म्हणाला, "आजी, बसल्या जागी सगळं कळतं." मला हसूच फुटलं. बसल्या जागी तर तुम्हीही बसत होतात, कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली.

पिंपरीत तेव्हा सरकारी कारखान्याचं बांधकाम जोरात होतं आणि पवनेकाठी आपल्या भट्टीवर विटांच्या थप्प्या तशाच पडून होत्या. सरकारला विटा हव्या असल्या तर चावडीवर दवंडी पिटतील, नाहीतर साहेब बोलावून घेतील, असा तुमचा ठाम भरवसा. म्हणून दर बाजाराच्या दिवशी तुम्ही त्या बांधकामाच्या कचेरीसमोर चपला काढून बसायचात. न बोलावता साहेबाच्या ओसरीवर पाय ठेवायचा नाही, ही तुमची रीत. आणि तुमच्या डोळ्यांदेखत भलत्याच व्यापाऱ्याच्या विटा ट्रक भरभरून आत जायच्या. खरं सांगते, मला तुमचा राग यायचा, आणि कीवही. पावसाळ्याआधी माल उठला नाही तर भट्टी त्याच व्यापाऱ्याला देऊन टाकायची, असं तुम्ही ठरवून बसला होतात. मग त्याच भट्टीवर तुम्ही मजुरी करणार होतात.

ते वैशाखातलं ऊन अजून आठवतं. मी माहेराहून, आळंदीहून आलेली. गाडीवरून मला उतरवून घेऊन तुम्ही घरी न जाता कचेरीकडे वळलात. तुम्ही चपला काढल्यात, म्हणून मीही काढल्या. दुपारी तुमचा डोळा लागला. मी उठते, डोक्यावरचा पदर सावरते आणि तरातरा आवार ओलांडून ओसरीवर चढते. दाराशेजारच्या भिंतीवर जाळीचा फळा आहे. इंग्रजी कागदांच्या गर्दीत एक मराठी कागद. चौथीपर्यंत शिकलेली मी, ओळीवर बोट ठेवून वाचते. विटा पुरवणाऱ्यांनी आपले भाव बंद पाकिटात आणून द्यावेत, मुदत परवापर्यंत. हा फळा खालून, झाडाखालून दिसतच नाही. तेवढ्यात तुम्हाला जाग येते.

"सूनबाई, खाली ये. आपल्याला बोलावलं न्हाई."

"बोलावलंय, मामंजी. इथं लिहिलंय."

आवाज ऐकून कारकून बाहेर आला. तो ओरडणार असं वाटलं, पण त्याने नीट समजावलं. सगळ्या कामांचे कागद याच फळ्यावर लागतात, मोठ्या कामांचे पुण्याच्या कचेरीत, आणि वर्तमानपत्रातही छापून येतात. तुम्ही खालीच उभे राहून ऐकलंत. दुसऱ्या दिवशी पाकीट द्यायला मात्र स्वतः ओसरी चढलात, चपला पायात ठेवून. मुदत संपल्यावर पाकिटं फुटली, आपला भाव सगळ्यांत कमी निघाला, काम आपल्याला लागलं आणि भट्टी आपलीच राहिली. पुढे पुण्याच्या कचेरीतला फळा वाचायला तुम्ही मलाच पाठवू लागलात. गावभर सांगत फिरलात, माझी सून वाघीण हाय, साहेबाच्या ओसरीला भ्याली न्हाई.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? राहू दे इथंच, उशाखाली. पण एक सांगायचं राहूनच गेलं. त्या दुपारी तुम्ही झोपलात आणि झाडाची सावली सरकून तुमच्यापुरतीच उरली. माझ्या चपला तुमच्या उशाशी, हात घातला असता तर तुमची झोप मोडली असती. माझे पाय भाजत होते, मामंजी. जवळची सावली ओसरीवरच होती, म्हणून पळाले. तुम्ही गावभर वाघीण म्हणून सांगितलंत, त्यानंतर मात्र मला कुठल्याच कचेरीची भीती वाटली नाही.