सात ते साडेसात

धुळे, मुलींचे वसतिगृह
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप हेमराजकाकांना मयुरीचा वाकून नमस्कार. (खोलीत वाकायला जागा कमी आहे, तरी केला आहे.)

तुमचा गुडघा कसा आहे? काकूंकडून कळले की डॉक्टरांनी जिना बंद करायला सांगितला, आणि तुम्ही अजून गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालायला जाता. मला डॉक्टर व्हायला अजून बरीच वर्षे आहेत, म्हणून सध्या नुसती विनंती करते, की जाऊ नका. सावद्याला नाना आणि आई बरे आहेत. केळीची कापणी चालू आहे, त्यामुळे नाना फोनवर दोन मिनिटांच्या वर सापडत नाहीत.

तुम्ही काकूंकडे निरोप दिलात की अभ्यासाचे कसे चालले आहे ते तोंडी नको, लेखी कळव. वरणगावच्या फॅक्टरीत तुमची चौतीस वर्षे गेली, तिथे कागदावर आल्याशिवाय काम झाले असे तुम्ही धरले नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तर हा लेखी अहवाल. थोडा लांबला आहे, चहा घेऊन बसा.

तुम्ही करून दिलेले वेळापत्रक मी आल्या दिवशीच कपाटाच्या दारावर लावले. तीन पाळ्या, प्रत्येक पाळीत चार तास, मध्ये दहा-दहा मिनिटांची सुट्टी, आणि वरून लॅमिनेशन. मजल्यावरच्या मुली ते बघायला येऊन गेल्या. त्यातली पहिली ओळ होती, 'पहाटे ५ ते ५.१० तोंड धुणे'. आमच्याकडे बेसिने दोन आणि मुली सव्वीस, हे तुम्हाला वरणगावात बसून कळणे शक्य नव्हते. पहिल्या दिवशी माझे तोंड पावणेसहाला धुऊन झाले. ही चुकलेली पस्तीस मिनिटे मी दुसऱ्या दिवसावर ढकलली, दुसऱ्याची तिसऱ्यावर, आणि असे करत दहाव्या दिवशी मी गुरुवारी बसून मागच्या सोमवारची दुपार जगत होते. तेव्हा मी एक अख्खा रविवार घालवून नवे वेळापत्रक आखले, चार रंगांची पेने वापरून. ते फार सुंदर झाले होते. त्या रविवारी अभ्यास मात्र काही झाला नाही.

मग मी झोप कापायला सुरुवात केली. त्याचा परिणाम फिजिऑलॉजीच्या प्रात्यक्षिकात दिसला. रक्तदाब मोजायला एक मुलगी कॉटवर आडवी हवी होती, मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. (सरांना वाटले, विषयाची आवड.) आधी आडवे असताना दाब मोजायचा आणि मग उभे राहिल्यावर, असा प्रयोग होता. आडवे असतानाचा माझा दाब वर्गात सर्वांत चांगला आला. सरांनी 'पूर्ण विश्रांती म्हणजे काय ते बघा' म्हणून सगळ्यांना जवळ बोलावले. उभे राहण्याचा भाग काही झाला नाही, कारण मी उठलेच नाही. माझी खोलीतली सोबतीण विधी (जळगावची, त्यांचे भांड्यांचे दुकान आहे) हिने शेवटी माझ्या पायाचा अंगठा ओढला.

आता जे लिहिते आहे ते तुम्हाला प्रथमच कळते आहे. पहिल्या अंतर्गत परीक्षेत ॲनाटॉमीत मला शंभरात एकतीस मिळाले. बारावीपर्यंत कधी दुसरा नंबर न घेतलेल्या मुलीने एकतीस कसे घ्यायचे असतात, ते मला माहीत नव्हते. मी खोलीत आले, आणि राग काढायला दुसरे काही नव्हते म्हणून तुमचे वेळापत्रक कपाटावरून ओढून काढले. फाडता येईना, लॅमिनेशन चांगले होते. ते तसेच हातात घेऊन बसले, तेव्हा मीच पेनाने खोडलेली एक ओळ दिसली. 'सायं. ७ ते ७.३० जेवण. पुस्तक बंद. कोणाशी तरी बोलत जेवावे.' हा अर्धा तास मला वाया जाणारा वाटला होता आणि मी तो पहिल्याच आठवड्यात गर्भशास्त्राला देऊन टाकला होता. विधी जैन आहे, सूर्यास्ताच्या आत जेवते, म्हणून मी रोज ताट खोलीत आणून पुस्तकासमोर एकटी जेवत होते. काका, तीन महिन्यांत मी कोणाशी धड बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सातला मी मेसमध्ये जाऊन बसले. मुली सगळ्या घोळक्याने बसलेल्या, म्हणून मी पोळ्या करणाऱ्या बेबाबाईंजवळ स्टूल ओढले. त्या अर्ध्या पोळीवर लाटणे ठेवून हात झटकत होत्या. विचारले तर म्हणाल्या की बोटे सुन्न पडतात, लाटणे हातात आहे की नाही ते कळत नाही. मला तर हाताचे सगळे स्नायू, सगळ्या नसा पाठ. मी त्यांना खांद्यापासून सुरुवात करून सांगत सुटले. त्यांनी मधली तीन बोटे आणि अंगठा पुढे केला आणि म्हणाल्या, "बठ्ठं वाचं तू, मंग इतलं सांग. करंगळी चांगली शे, तळहात चांगला शे, मंग ही बोटेच कसाले सुन्न पडतस?"

सगळे वाचूनही मला तेवढे सांगता येईना. एकतीस का मिळाले ते मला तिथे त्या स्टुलावर कळले.

वर जाऊन मी तेवढेच शोधले. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून जाणारी नस दबली की हीच बोटे सुन्न होतात. तळव्याला जाणारी फांदी बोगद्याच्या वरून जाते, म्हणून तळवा वाचतो. हे वाचताना मी घड्याळ बघितले नाही. दुसऱ्या दिवशी बेबाबाईंना पोळपाटावर पिठाने काढून दाखवले. त्यांनी पिठातल्या बोगद्यावर बोट ठेवले. मग हळूच म्हणाल्या, "कापतीन का व?" हात कापतील हीच त्यांना भीती होती, म्हणून आठ महिने त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. बुधवारी मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. अजून फार उशीर झाला नव्हता, म्हणून मनगटाच्या पट्ट्यावर भागले. पोळ्या आता मेसमधल्याच कोकिळाताई लाटतात, बेबाबाई वरण वाढतात. गेल्या आठवड्यात त्यांनी सुईत दोरा ओवून दाखवला.

तेव्हापासून माझे वेळापत्रक एवढेच आहे. सातपर्यंत एक गोष्ट अशी शिकायची, की ती बेबाबाईंना सांगता येईल. त्यांना कळली नाही, तर मलाही कळलेली नाही, असे धरून परत वर जायचे. दुसऱ्या परीक्षेत अठ्ठावन्न मिळाले. तोंडी परीक्षेत सरांनी तळव्याचेच विचारले आणि माझ्या तोंडून निघून गेले, "सर, बेबाबाईंचा तळवा..." सरांनी विचारले, हे कोणाचे पुस्तक? मी म्हटले, मेसमध्ये असतात, सर. ते हसले, आणि पुढचा प्रश्न सोपा विचारला.

काका, तीन पाळ्यांपैकी एकही मला पाळता आली नाही. पण त्या अर्ध्या तासाची ओळ तुम्ही लिहिली नसती, तर मी आज कुठे असते, माहीत नाही. फॅक्टरीत तुम्ही कोणाशी बोलत जेवत होता, ते एकदा मला सांगा.

तुमची पुतणी,
मयुरी

ता. क. खरे काम राहिलेच. पहिल्या परीक्षेचे नानांनी विचारले तेव्हा ते ट्रकमध्ये केळी भरत होते, आणि मी एकसष्ट सांगितले. त्यांनी तिथल्या तिथे सगळ्या मजुरांना चहा पाजला. रोज खरे सांगायचे ठरवते आणि रोज तो चहा आठवतो. तुम्ही सांगाल का? तुमच्यासमोर ते आवाज चढवत नाहीत. नंतर त्यांना मला फोन करू द्या, मी उचलीन.

दुसरे ता. क. रोज पहाटे पाचला तुम्ही मला उठवायला फोन करता, आणि 'हो काका, उठले, पुस्तक उघडलं' असे जे उत्तर येते, ते गेले तीन महिने विधी देते आहे. ती तशीही साडेचारला उठते, मी सहाला. आता हे कळल्यावर तुम्ही फोन बंद कराल, असे मी तिला सांगितले, तेव्हा तिने हातातले पुस्तक मिटले. मग म्हणाली, "काकांना विचार ना, माझ्या नावाने करतील का." तिचा नंबर कागदाच्या मागे लिहिला आहे.