गाडी फुल्ल झाली

आबा, सकाळपासून एका गोल्फच्या सहलीच्या मागं लागलेय, दुपार कलली तरी ती काही सुटत नाही. गोल्फ म्हटल्यावर तुम्ही हसला असता. देवळं, किल्ले, समुद्र, सगळं आपण लोकांना दाखवलं, पण काठीनं चेंडू मारायला कुणी राजस्थानात गेलेलं आपल्या शाहूपुरीतल्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसनं तुमच्या वेळी बघितलं नव्हतं. आता जातात. चौघं आहेत, सगळे सत्तरी ओलांडलेले. एक फौंड्रीवाले, एक गुळाचे व्यापारी, एक वकील आणि आपले डॉक्टर. तेच आपले, जे तुमच्या शेवटच्या आजारपणात दवाखाना बंद करून रोज संध्याकाळी घरी यायचे आणि नाडी बघायच्या आधी आईकडं चहा मागायचे. जोधपूरच्या पुढं वाळवंटात एक हॉटेल आहे, त्याला लागून खेळायचं मैदान. मधे मधे हिरवळीचे तुकडे, बाकी सगळी वाळू. थंडी सरलेली असते आणि ऊन अजून भाजत नसतं, असे तिथं थोडेच दिवस मिळतात. त्या दिवसांत या चौघांना तिथं जायचंय.

आता हे दिवस म्हणजे मार्च, आणि मार्चमध्ये कोल्हापूरच्या धंदेवाल्याला मरायला सवड नसते हे तुम्हाला मी काय सांगू! फौंड्रीवाले म्हणाले, "मार्च एंड झाल्याबिगर मी जाग्यावरनं हलत न्हाय, ताई." म्हटलं, एप्रिलात गेला तर चेंडू राहू दे, तुम्हीच भाजून निघाल. गुळाचे व्यापारी म्हणाले, चैत्रात जोतिबाची यात्रा, माझ्याकडं प्रसादाचं जेवण असतं, मला धरू नका. वकिलांची तिसरीच तऱ्हा. त्यांना तारखेचं काही नव्हतं, तिथं तांबडा-पांढरा रस्सा मिळणार का एवढंच विचारायचं होतं. मिळणार नसेल तर आचारी न्यायचा. मी त्या हॉटेलच्या मॅनेजरला फोन लावून विचारलं, की बाबा, तुमच्या हिरवळीच्या कडेला आमचा माणूस मटण शिजवील, चालेल का? बिचाऱ्यानं मला ते दोनदा परत सांगायला लावलं, मग हो म्हणाला. शेवटी फौंड्रीवाले नमले आणि रंगपंचमी झाली की दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं. पुण्यापर्यंत गाडी, पुढं विमान. त्या काठ्यांच्या पिशव्यांचं वजन, खेळायला मैदान सकाळी सहाला मिळतंय का, खोलीत कुणाला कुणाच्या घोरण्याचा त्रास, सगळं निस्तरलं. डोक्याला नुसता ताप. पण हे काम आहे, आबा, आणि कामानं मी दमत नाही. मी दमलेय ती दुसऱ्याच गोष्टीनं.

परवा डॉक्टरांचा मुलगा ऑफिसात आला. तोही डॉक्टरच, बापाचा दवाखाना वाढवून त्याचं हॉस्पिटल केलंय. फोन न करता स्वतः आला म्हटल्यावरच मी ओळखलं, काहीतरी आहे. खुर्चीवर बसला, पाणी प्यायला, टेबलावरची पेनं सरळ केली. मग म्हणाला, "ताई, एक काम होतं. बाबांचं हार्ट तुम्हाला माहितेय. दोन जिने चढले तर धाप लागतीय. तुम्ही त्यांना सांगा की खोली मिळाली न्हाय. फुल्ल झालं म्हणा." मी म्हटलं, अरे, मग तू सांग की घरी. त्यानं मान खाली घातली. "त्यांच्यापुढं न्हाय म्हणायला माझी जीभ रेटत न्हाय, ताई. आजवर कधी म्हटलं न्हाय." एवढा मोठा माणूस, हाताखाली इतकी माणसं, आणि बापाला एक शब्द बोलायला माझ्या दारात आला.

तुम्हाला यात नवल वाटणार नाही. आपल्या गावात हे असंच चालत आलंय. घरातल्या मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नाही, आणि म्हणायचं असलं की ट्रॅव्हल्सवाल्याला गाठायचं. तुम्ही ते काम किती गोड करायचा! "गाडी फुल्ल झाली की हो, काकू. पुढच्या वर्षी पहिली सीट तुमची." म्हणताना एकदा घसा खाकरायचा, चहा मागवायचा, माणूस हसत घरी जायचं. स्वयंपाकघरात आई सहलीसाठी मसाला कुटायची, तिखटाच्या खाटानं आम्ही सगळे शिंकत असायचो, आणि तुम्ही उंबऱ्यात बसून मला धंद्याच्या गोष्टी सांगायचा. त्यात ही पण एक होती. लोकांच्या घरातली भांडणं आपण पोटात घालायची, म्हणायचा. मला तेव्हा ते फार मोठं वाटायचं.

मग ती शाहूवाडीकडची म्हातारी आली. तुम्ही विसरला असाल, मी नाही विसरले. मी कॉलेजात होते, सुट्टीत ऑफिसात बसायचे. राजस्थानची आपली ती पहिलीच बस. म्हातारी खुर्चीवर न बसता दारातच उकिडवी बसली आणि म्हणाली, "आमच्याकडं चार म्हयनं अंगावरचं लुगडं वाळत न्हाय, बाबा. आयुष्य भात लावण्यात गेलं, पायाची बोटं कायम कुजल्याली. पाऊसच न्हाय असला मुलूख एकदा बघायचा हाय." तुम्ही हसून तिचं नाव लिहून घेतलंत. दोन दिवसांनी तिचा मुलगा आला, आईला दम लागतोय, तुम्हीच काहीतरी सांगा म्हणाला. आणि तुम्ही सांगितलंत. गाडी फुल्ल झाली.

त्या बसमधून मी पण गेले होते, भाजी चिरायला आणि बायकांचं बघायला. शेवटून तिसऱ्या सीटवर कांद्याचं पोतं होतं. जयपूर आलं, जोधपूर आलं, पोतं तिथंच. शेवटी वाळू दिसायला लागली. बाया चपला काढून पळत सुटल्या, आणि मी तुम्हाला विचारलं, "आबा, म्हातारीला का नाही आणलं? जागा होती की." तुम्ही आचाऱ्यासमोर, ड्रायव्हरसमोर माझ्यावर केवढ्यांदा ओरडलात! "धंद्यात तोंड मिटून बसायला शीक आधी. वाटेत तिला काय झालं असतं तर तू निस्तरणार होतीस?" रात्रीच्या जेवणाला तुम्ही माझ्या ताटात गूळ जास्त वाढलात, तरी मी तुमच्याकडं बघितलं नाही.

परतल्यावर तुम्ही मला बरोबर घेऊन म्हातारीच्या घरी गेलात. एका पिशवीत वाळू भरून आणली होती तुम्ही, तिच्यासाठी. ती पडवीत बसलेली. पिशवी मांडीवर घेतली, हात आत घातला, बोटांतून वाळू सोडली, परत घेतली, परत सोडली. तुमच्याकडं बघून म्हणाली, "एवढीच व्हय?" ती रागानं म्हणाली नव्हती, आबा, तो मुलूख म्हणजे एवढंच का, हे तिला खरंच कळत नव्हतं. परत येताना तुम्ही पन्हाळ्याच्या पायथ्याला गाडी थांबवून मला उसाचा रस पाजलात आणि स्वतः प्यायला नाहीत. तेव्हापासून मी तुमच्यावर रागावलेली आहे. तुम्ही गेलात तरी तो राग मी सोडला नाही. ऑफिस चालवलं, नाव राखलं, तुमची बहुतेक सगळी रीत पाळली, पण फुल्ल झाली म्हणून कुणाला कधी परत पाठवलं नाही. लोकांचे मुलगे, सुना येतात, गळ घालतात. मी म्हणते, तुमचं तुम्ही घरात बोला. उर्मट बाई म्हणून माझं नाव झालंय. होऊ दे.

आणि आज डॉक्टरांचा फोन आला. "काय गं, माझं तिकीट काढलंस का न्हाय? ते तिघं टोप्या घ्यायला निघाल्यात. माझी पण घेऊ म्हणतात." माझ्यासमोर स्क्रीनवर खोली मोकळी दिसत होती. आणि मी म्हटलं, "काका, फुल्ल झालं हो हॉटेल. तिघांचंच जमलं. पुढच्या वर्षी तुमचं पहिलं नाव." घसासुद्धा खाकरला मी. कुठनं आलं ते, देव जाणे. मी इतकी दमले होते, आबा. त्या मुलाचा चेहरा डोळ्यासमोर होता, आणि एक खोटं बोललं की सगळं मिटत होतं.

ते म्हणाले, "बरं." फोन मात्र ठेवला नाही. त्यांचा श्वास ऐकू येत होता, जड. मग म्हणाले, "पोरगा येऊन गेला न्हवं तुझ्याकडं?" मी टेबलावरची पेनं सरळ करायला लागले. "दोन दिवस झालं जेवताना मला आग्रह करून वाढालाय. तवाच म्हटलं, काहीतरी शिजतंय." मला रडू फुटलं. म्हटलं, "जागा आहे, काका. खोटं बोलले मी." ते हसले. "अगं, मी काय मोठा खेळ खेळायला चाललोय व्हय? एक चेंडू मारीन आणि सावलीत बसून त्या तिघांना शिव्या घालीन. माझं हार्ट किती चालतंय ते मला कळतंय की, मी पण डॉक्टरच हाय." मी म्हटलं, मग तिकीट काढू? ते म्हणाले, "आज नको. आज मी घरात बोलतो. त्याला न्हाय म्हणायचं असंल तर माझ्या तोंडावर म्हणू दे. ऐकीन मी त्याचं. पण ऐकायला तर मिळू दे. तुझ्या गळ्यात कशाला घालतोय?"

तेव्हापासून मी हे लिहीत बसलेय. दारापुढं उसाच्या ट्रॅक्टरनं ट्रॅफिक अडवलाय, हॉर्न चाललेत. फौंड्रीवाल्यांनी टोप्यांचे फोटो पाठवलेत, चार टोप्या, पांढऱ्या. मी त्यांना काहीच कळवलेलं नाही.

आत्ता, एवढ्यात, डॉक्टरांचा परत फोन येऊन गेला. म्हणाले, "नाव काढ माझं." मी विचारलं, काय झालं, काका? "न्हाय म्हणाला. समोर बसून म्हणाला. ओरडला माझ्यावर, बाबा, तुम्ही तिकडं मेला तर मी काय करू म्हणाला, आणि मग रडाय लागला. एवढं मोठं घोडं झालंय, माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडलं. मग मी म्हटलं, बरं, न्हाय जात." त्यांचा आवाज पडलेला होता, पण त्यात कुठंतरी समाधान पण होतं. मला दोन्ही ऐकू आलं. "त्या वकिलाला सांग, मटण जपून खा," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मी तिघांचं बुकिंग केलं. हे पत्र कुठं पाठवायचं नाही म्हणूनच एक गोष्ट लिहू शकतेय, डॉक्टरांना ती कधी कळायला नको. त्यांना वाळवंट बघायला मिळणार नाही याचं मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटेलही, उद्या-परवा. पण त्यांचं नाव काढलं तेव्हा, आबा, माझा जीव भांड्यात पडला.