प्रकाशाच्या खोलीतली दिवेलागण

तीर्थरूप आईस सातासमुद्रापलीकडच्या गुंगालिनच्या कडाक्याच्या थंडीतून नमस्कार.

आम्ही जपानहून सुखरूप आलो. तिथल्या एका खेड्यात एका कलाकाराने नुसत्या प्रकाशाची खोली केली आहे. आधी मिट्ट काळोख होता. मग केशरी उजेड इतका सावकाश पसरला, की भिंती कुठे संपतात तेच कळेना. काय देखणं होतं गं! माझे हात आपोआप जोडले गेले, आपण दिवेलागणीला जोडतो तसे. माझं पाहून नुपूरनेही जोडले.

तेव्हापासून तुझी नात रोज दिवा लागला की हात जोडते आणि विचारते, "डिड आजी डू इट टू?" मी हो म्हणते.

शेजारच्या विनिताकाकू फोनवर म्हणाल्या, बाबा गेल्यापासून तू संध्याकाळी अंधारातच बसून असतेस. आई, दिवा लावत जा. मला पोरीशी खोटं बोलायला लावू नकोस.

तुझीच,
मेधा