तुझ्या दाराचा उंबरा

प्रिय दशरथ,
थोरल्या बहिणीचा भरभरून जय भीम.

पत्र सूनबाई शर्मिला लिहून घेतेय, तेव्हा यात तिचं कौतुकच सापडेल. आज रविवार, म्हणून घरात माणसांचा आवाज आहे.

पाय गेले तरी जीभ शाबूत आहे, काळजी नको. सोसायटीने माझ्या चाकांच्या खुर्चीसाठी रॅम्प बांधला. फीतही माझ्याकडूनच कापून घेतली. पण तो इतका उभा आहे, की खुर्ची उतरवायला दोन दणकट माणसं लागतात. वारज्यातली दणकट माणसं सकाळीच ऑफिसला जातात. मापं सगळ्यांनी घेतली, खुर्चीत बसून कुणी पाहिलं नाही. आता पोरं त्यावरून सायकली सोडतात, माझा नातू सगळ्यांत पुढे. मी गॅलरीतून बघते. दिवसभर टीव्ही बोलतो, माझं मात्र ऐकत नाही.

तुझ्या बायकोचे गुडघे कसे आहेत? अजून तीच तुला चालवते ना?

मला पुलगावला यायचंय रे. तुझ्या दाराचा उंबरा उंच आहे, ठाऊक आहे. तिथे फळी बसवता येईल का, सुताराला विचार. नाहीच जमलं, तर मी अंगणात बसेन. गप्पा मारायला तेवढं तुम्ही बाहेर या.

अक्षर सुनेचं, अंगठा माझा,
तुझी सत्यशीलाताई