यंत्रापाशी पोचेपर्यंत

सिद्धेश्वर,
१२ जानेवारी २०२४

ती. लक्ष्मीआक्का हिस,
रामकिशनचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कानाला फोन झेपत नाही आणि मी मोठ्यानं बोललो की सगळी गल्ली ऐकते, म्हणून लिहितो. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची हाताला सवय आहे, पण या वेळी ते खोटं होईल.

दिवाळीपासून माझं काळीज मधेच पळत सुटतं. आधी कसली सूचना नाही. परवा हळदीला पाणी देत होतो. वाफ्याचं तोंड फोडायला वाकलो आणि छातीत एकदम सुरू झालं. मोजता येऊ नयेत इतके ठोके, शर्टावरून दिसावेत असे. हात गार पडतात, गळ्याशी पाखरू फडफडल्यासारखं होतं. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. मग आलं तसं एकदम थांबतं आणि पुढं तासभर अंगात त्राण राहत नाही.

आपल्या शेजारच्या उत्तमरावाच्या जीपमधून तीनदा तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. तिन्ही वेळा फाटकाच्या आत पाय टाकेपर्यंत थांबलं. छातीला वायरी लावून यंत्रातून कागदाची पट्टी काढतात. ती तिन्ही वेळा चांगली आली. मग गॅसची गोळी. उत्तमराव म्हणतो, तुझ्या काळजाला दवाखान्याचं भ्या वाटून राहिलं, आमच्या बैलासारखं, डॉक्टर दिसला की लंगडणं बंद. टपरीवर लोक हसतात. मीही हसतो, आणि घरी येऊन तुझ्या भावजयीवर, गोजरवर चिडतो.

माघात आपला सप्ताह आहे. दुपारी बारा ते दोन हा वीणेचा पहारा बावीस वर्षं माझ्याकडे आहे. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही, उभ्या माणसाच्या गळ्यातून उभ्याच माणसाच्या गळ्यात जाते, हे तुला सांगायला नको. मधेच सुरू झालं तर काय करावं, ते कळत नाही. देवाला मी सहसा काही मागत नाही. या आठवड्यात मागितलं, की हे एकदा त्या यंत्रासमोर होऊ दे. असलं मागणं त्याच्याकडे फारसं जात नसेल.

भाच्याला, सोमेश्वरला आशीर्वाद. धाकट्यावरची तुझी माया पातळ होऊ देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
रामकिशन


कळमनुरी,
१८ जानेवारी २०२४

चि. रामकिशन यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. लिहिलंस ते बरं केलंस. पत्र माझ्याच हातात पडतं, माझ्या लेकाच्या पडत नाही.

आता सांगते तसं कर, आणि मला हे कुठून कळलं ते विचारू नकोस. सुरू झालं की उभा राहू नको, पडशील. आडवा हो. श्वास कोंडून, शौचाला होत नसलं की कुंथतो तसा जोर लाव. पंधरा मोजून सोड आणि सोडल्याबरोबर गोजरला तुझे दोन्ही पाय वर धरायला सांग. तरी नाही थांबलं तर माठातल्या गार पाण्याचा ओला टॉवेल कपाळापासून गालापर्यंत दाबून धर. नुसतं शिंपडून उपयोग नाही. दोन-तीनदा करूनही थांबलं नाही, छाती दुखली, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर मात्र एक मिनिट थांबायचं नाही. जीप काढायची, लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

दिवसाचे आठ चहा बंद. निर्जळी एकादशीही बंद. शाळेत असताना उपास धरून प्रार्थनेला चक्कर येऊन पडायचास, आणि गुरुजी मला वर्गातून उठवून तुला घरी न्यायला लावायचे. माझे दोन धडे तुझ्या भक्तीत बुडाले. तेव्हाही देवानं तुझा कोरडा घसा मागितला नव्हता, आताही मागत नाही. पाणी पी.

गोजरवर चिडू नको. तिला सगळं दिसतं आणि हाताशी काही नसतं, हे तुझ्यापेक्षा अवघड आहे.

खुशाली कळवत जा, म्हातारीला ताटकळत ठेवू नकोस.

तुझी आक्का


सिद्धेश्वर,
४ फेब्रुवारी २०२४

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी युक्ती लागू पडली आणि त्यातच माझी पंचाईत झाली.

दवाखान्यात आता नव्या डॉक्टरबाई आल्या आहेत. आमच्या लेकीएवढ्या, प्रतिक्षाएवढ्याच असतील, पण माझं सगळं ऐकून घेतलं. गॅस म्हणाल्या नाहीत. तुझी युक्ती सांगितली तेव्हा बराबर आहे म्हणाल्या, आणि पाय वर करायचं कोणी शिकवलं ते विचारलं. बहिणीनं, म्हणालो. मग म्हणाल्या, पट्टीवर दिसल्याशिवाय मला दुखण्याला नाव देता येत नाही. पुढच्या वेळी छाती दुखत नसेल, भोवळ येत नसेल, तर काही न करता तसेच इकडे या. पंचवीस मिनिटांचा रस्ता आहे. तसं काही वाटलं तर मात्र लगेच थांबवा.

तर एकतीस तारखेला सुरू झालं. जीपमध्ये दांडी धरून बसलो. खोकलो नाही, आवंढासुद्धा जपून गिळला. हातातलं लेकरू झोपेतून उठू नये तसं मी त्या धडधडीला सांभाळत नेत होतो. दवाखान्याचं फाटक दिसलं. तेवढ्यात शेजारी बसलेल्या गोजरनं माझं तोंड पाहिलं, बाटलीतलं गार पाणी पदरावर ओतलं आणि पदर माझ्या तोंडावर दाबला.

थांबलं. पट्टी चांगली आली. उत्तमराव स्टिअरिंगवर डोकं टेकून हसला.

तिला मी नको ते बोललो. एवढ्या वर्षांत बोललो नव्हतो असं. ती वादात पडली नाही. एवढंच म्हणाली, “तुमाला कागद पाह्यजे. मला तुमी पाह्यजे.” त्या दिवसापासून मी तिच्याशी बोललेलो नाही.

आक्का, दुखण्याची तकलीफ एवढी नाही. मी खोटा ठरून राहिलो, याची आहे. सप्ताहाच्या बैठकीत कारभार पाहणाऱ्या धर्मसिंगनं सर्वांसमोर सुचवलं की यंदा पहारा दुसऱ्याला द्यावा, रामकिशनच्या मनानं भीती घेतली आहे. मी नाही म्हणालो. आवाज जरा चढला. देवळात चढायला नको होता.

तुला हे सगळं कसं ठाऊक, ते मात्र सांग.

तुझ्या कृपेचं छत्र असंच राहू दे.

रामकिशन


कळमनुरी,
९ फेब्रुवारी २०२४

चि. रामकिशन यास,
आशीर्वाद. वि. वि.

विचारू नकोस म्हटलं होतं, तरी विचारलंस.

पहिल्यांदा गोजरशी बोल. पत्र खाली ठेव आणि आधी ते कर.

पहारा सोड. वीणेला माणसं मिळतील. आणि त्या कागदासाठी जीव टांगून ठेवू नको. कागदावाचून माणसं जगतात, वर्षानुवर्षं जगतात, कोणाला कळतही नाही. थांबवता येतं ना? मग थांबवावं आणि कामाला लागावं.

सोमेश्वर दुपारचा घरी असतो. जास्त लिहीत नाही.

आक्का


सिद्धेश्वर,
२० फेब्रुवारी २०२४

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं न ऐकता पहाऱ्याला उभा राहिलो. झालं ते क्रमानं सांगतो.

सप्ताहाचा चौथा दिवस. पहारा लागून पाऊण तास झाला होता. मंडपात टाळ धरलेल्या चार बायका, दोन म्हातारे आणि कीर्तनाचे महाराज. पुढचा विणेकरी जेवायला गेलेला. आणि सुरू झालं. कुंथलो असतो तर कदाचित उभ्यानंच थांबलं असतं. मी थांबवलं नाही. वीणा ठेवताही येईना, म्हणून बाहेर जीपपाशी असलेल्या उत्तमरावाला हाक मारली.

उत्तमराव धावत आला, वीणेसाठी मान पुढं केली आणि तसाच थबकला. वीणा त्यानं घेतली तर जीप कोण चालवणार? दोन्ही म्हाताऱ्यांना उभं राहवत नाही. तेवढ्यात गोजरनं टाळ शेजारणीकडे दिले, हातपाय धुऊन आली आणि माझ्यासमोर मान वाकवून उभी राहिली. आपल्या गावात बाईनं कधी वीणा घेतलेली नाही. एक म्हातारा काही बोलणार होता. महाराजांनी त्याच्याकडे न पाहता टाळ चालू ठेवायला सांगितलं.

मी वीणा तिच्या गळ्यात घातली. देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. वीणा गळ्यात आल्यावर तिला वाकता येईना. मीच तिच्या पाया पडलो.

जीपमध्ये पाणी घेऊन बसणारं कोणी नव्हतं. उत्तमराव रस्ताभर एकदाही हसला नाही. फक्त दर मैलाला, चालू हाय ना, असं विचारायचा आणि मी मान हलवायचो. वायरी लावल्या, पट्टी बाहेर येऊ लागली आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, “आलं बघा.” मिनिटाला एकशे ब्याण्णव ठोके. मग शिरेतून इंजेक्शन दिलं. दोन-चार क्षण छाती रिकामी झाल्यासारखी वाटली, विहिरीत पोहरा सुटावा तशी, आणि ठोके ताळ्यावर आले. काळजात विजेची एक वाट जास्तीची आहे, तिच्यातून ती गोल गोल फिरते, असं त्यांनी सांगितलं. आता रोज गोळी. हळद निघाली की मोठ्या शहरात जायचं. तिथं पायाच्या शिरेतून तार घालून ती वाट जाळून टाकतात.

परतायला चार वाजले. पुढचा विणेकरी दोनलाच आला होता. गोजरनं मान हलवली आणि त्याला वीणा दिली नाही. वेशीपाशी जीपचा आवाज आला तेव्हा दिली. मग बाहेर आली, पट्टी हातात घेतली, उलटी धरून बराच वेळ पाहिली आणि मला परत दिली.

मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगतो, संतापच आला. काल हसणारे आज ती पट्टी हाताळायला येतात, धर्मसिंगसुद्धा आला. मी तोच आहे, छातीही तीच. वीतभर कागदानं मी खरा झालो. झेरॉक्स सोबत पाठवतो.

आक्का, डॉक्टरबाईंनी या वेळी विचारलं, शिकवणाऱ्या बहिणीला स्वतःला असं काही होतं का. मी नाही म्हणालो. म्हणताना तुझं पत्र आठवलं. कागदावाचून वर्षानुवर्षं कोण जगतं, आक्का?

पाया पडून थांबतो. उत्तर टाळू नकोस.

रामकिशन


कळमनुरी,
२७ फेब्रुवारी २०२४

चि. रामकिशन यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पट्टी पाहिली. मी ती सरळच धरली होती, तरी गोजरएवढीच कळली.

सव्वीस वर्षं झाली. सोमेश्वर पोटात असताना पहिल्यांदा आलं. घरात कोणी बाहेरची बाधा आहे म्हणालं, कोणी नखरे म्हणालं. एकदा तुझ्या दाजींनी नांदेडला नेलं. पट्टी चांगली आली. परतताना ते एसटीत माझ्याशेजारी बसले नाहीत. त्यानंतर मी कोणाला सांगितलं नाही. ते गेले तेव्हाही त्यांना ठाऊक नव्हतं. बाळंतपणात कळा देताना एकदम थांबलं होतं, त्यावरून जोर लावायचं कळलं. पाय वर करायचं न्हाणीत शिकले. कडी लावून फरशीवर पडायचं आणि पाय भिंतीला टेकायचे. घरचे म्हणतात, आईला अंघोळीला वेळ लागतो. तुला शिकवताना माझा हात अडला नाही. स्वतःचं सांगताना अडतो. दाजी तिकडच्या सीटवर बसलेले अजून दिसतात.

लिहायला बसले तेव्हा काही नव्हतं. मागच्या दोन ओळींपासून सुरू झालं आहे, अक्षर हललं ते त्यामुळं. न्हाणी चार पावलांवर आहे. छाती दुखत नाही, डोळ्यांपुढं स्वच्छ आहे.

सोमेश्वरला हाक मारली. तो आला, काय झालं विचारलं. त्याचा हात धरून माझ्या गळ्याशी लावला. तो चप्पल न घालता रिक्षा आणायला पळाला.

कडी लावलेली नाही, जोरही लावलेला नाही. दारातच बसले आहे.

रिक्षा आली. पत्र असंच मिटते. राहिलेलं समजून घे, आणि गोजरला माझा नमस्कार सांग.

आक्का