एका स्पर्शात तीन हाका

३ नोव्हेंबर
सिडकोत खोली मिळाली. शेंद्र्याच्या कारखान्याची बस कोपऱ्यावरूनच सुटते. घरमालकीण वच्छलाबाई एकट्या राहतात. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणते. आल्या आल्या भाकरी-ठेचा पुढं ठेवून त्यांनी बजावलं, की वाऱ्यानं उडशील, नीट खात जा. मला हसू आलं. खिडकीत भरपूर ऊन येतं. खोली आवडली.

९ नोव्हेंबर
दाराची बेल एकदा दाबली की अडकून कोकलत बसायची. टायमरची आयसी, रेझिस्टर, कपॅसिटर आणून नवी केली. दारावरच्या पितळी पट्टीला बोट लागलं की बेल दोन सेकंद वाजते आणि आपोआप थांबते. लई भारी, म्हणत मावशींनी पाठ थोपटली. पण बेल वाजली तरी त्या उठेनात. त्यांचं म्हणणं असं, की पहिल्या हाकेला ओ द्यायची नाय. मेलेलं माणूस एकदाच हाक मारू शकतं. ओ दिली की ते घरात येतं आणि ओ देणाऱ्याला घेऊन जातं. तीनदा हाक आली तर समजायचं, जित्तं माणूस हाय. शेजारची मोनिका म्हणूनच तीनदा बोट लावते.

१४ नोव्हेंबर
कुरिअरवाला एकदाच बेल वाजवून माझं पार्सल परत घेऊन गेला. मी सर्किटला आणखी एक टप्पा जोडला. आता एका स्पर्शात बेल तीनदा वाजते. मावशींना सांगितलं नाही. लोकांना अक्कल आली म्हणायची, असं त्या म्हणाल्या.

१९ नोव्हेंबर
अंगात कणकण, म्हणून घरी. दुपारी बेल तीनदा वाजली. आले गं बाई, म्हणत मावशी गेल्या. माझ्या खिडकीतून पायरी दिसते. पायरी रिकामी होती. मावशी दारात बराच वेळ बोलत होत्या. आत आल्या त्या डोळे पुसत, हसत. मेघा आली होती म्हणे. मेघा म्हणजे त्यांची मुलगी. करमाडजवळ अपघातात गेली. तीनदा हाक मारली, मंजी पोरगी जित्ती हाय, असं त्या मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या.
जवळच्या वायरीमुळं पट्टी कधीकधी आपोआप चालू होते. तेच असणार.

२१ नोव्हेंबर
सांगून टाकलं. स्पर्श एकच होता; बाकीच्या दोन हाका माझ्या सर्किटच्या.
 मावशींनी एवढंच विचारलं, की मग म्या ओ दिली ती कुणाला?
सर्किट काढून ठेवलं.

२२ नोव्हेंबर
मावशी जेवत नाहीत. मोनिका विचारून गेली, मावशींच्या खाटेवर ती कोण बसलीय. कुणीच नाही — मी नीट पाहिलं.

२३ नोव्हेंबर
बेल नाही. बॅटरी माझ्या टेबलावर आहे. हाक आता आतल्या खोलीतून येते. आई — म्हणून.
मावशी तिकडं निघाल्या होत्या. ओढून बसवलं. त्यांचं तोंड डाव्या हातानं दाबून धरलंय — त्या चावताहेत — सोडणार नाही —
हाक थांबली.
आता माझं नाव घेतलं. एकदाच.
मी ओठ मिटून आहे. मावशींचं तोंड माझ्या हाताखाली. तरी ओ ऐकू आली — स्पष्ट — माझ्याच आवाजा